नागपूर विद्यापीठ, वैदर्भीय लोककला आणि वारसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे ईडापीडेच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. दिवाळी सरली की भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, आणि वडसा परिसरात नाटकांच्या तारखा लागतात. विचारणाही याच दिवसांत वाढते. शाहीर विचारतात, महाविद्यालयातली मुले विचारतात, गावचे सरपंच आणि शाळेचे गुरुजीही विचारतात: या सगळ्यात विद्यापीठाचा आम्हाला काय उपयोग? नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एका जागी दिली आहेत. हे विद्यापीठाचे अधिकृत पान नाही. प्रवेश, शुल्क आणि तारखा यांसाठी विद्यापीठाचे परिपत्रकच प्रमाण मानावे.

नागपूर विद्यापीठ नेमके कोणत्या जिल्ह्यांचे? आम्ही गडचिरोलीचे, आम्ही कुठे जायचे?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे आहेत. विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याचा पसारा बराच मोठा होता. पुढे सागरला विद्यापीठ झाले, १९८३ मध्ये पश्चिम विदर्भासाठी अमरावती विद्यापीठ झाले आणि २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले.

महाविद्यालयाची संलग्नता आणि युवक महोत्सव यांच्यासाठी ही हद्द पाळावी लागते. कलेला मात्र हद्द नाही. झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा, वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, दोन विद्यापीठांत पसरली आहे. त्यामुळे गडचिरोलीच्या दंडारीवर (हा नाच) नागपुरात संशोधन करता येते, आणि भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या खडी गमतीवर (हा शाहिरी खेळ) गोंडवानातला विद्यार्थी काम करू शकतो. तुमची माहिती घ्यायला कोणी आले, तर तो कोणत्या विद्यापीठाचा आहे यापेक्षा तो ती माहिती घेऊन पुढे काय करणार आहे, हे आधी विचारा.

विद्यापीठात कला आणि वारशाशी संबंध असलेले विभाग कोणते?

पहिला विभाग प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व. दुसरा पदव्युत्तर मराठी विभाग, कारण लोकसाहित्य आणि बोली यांचे संशोधन बहुतेक तिथूनच होते. ललित कला विभाग आहे. पाली-प्राकृत आहे. आंबेडकर विचारधारा आणि तुकडोजी महाराज विचारधारा या नावांनी पदव्युत्तर शिक्षणही आहे. विद्यार्थ्यांच्या कलागुणांचे काम विद्यार्थी विकास विभाग पाहतो.

चित्रकला शिकू इच्छिणाऱ्यांसाठी शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथला कारभार कला संचालनालयाकडे असतो. संस्कृत, शास्त्र आणि पोथ्या यांचा विषय असेल तर रामटेकचे कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय अधिक जवळचे. आता अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे, आणि महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला तिकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

विद्यापीठाने वारशासाठी आजवर खरेच काय केले आहे?

हा प्रश्न बहुधा शंकेच्या सुरात येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. जमिनीखालच्या वारशाबाबत या विद्यापीठाचे काम अभिमान वाटावा असेच आहे.

१९६० आणि १९७० च्या दशकांत डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भाचा जुना इतिहास अक्षरशः कुदळीने उकरून काढला. वर्धेजवळचे पवनार, नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट-खापा, काटोल मार्गाकडचे माहूरझरी. नंतरचे पारशिवनीकडचे नायकुंड मात्र देव यांनी डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांच्या वतीने उकरले. टाकळघाट, माहूरझरी आणि नायकुंड इथे दगडांची वर्तुळे आहेत. गावकरी त्यांच्याकडे पाहत आले होते, पण त्यांत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. लोहयुगातल्या माणसांच्या या दफनभूमी निघाल्या. माहूरझरीला घोड्यांच्या साजाचे लोखंडी-तांब्याचे सामान आणि रंगीत दगडांचे मणी मिळाले, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. विदर्भातला माणूस अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळत होता, हे वाक्य आज आपण सहज उच्चारतो. ते या उत्खननांमुळे.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे काम १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून केले. जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले, आणि दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. त्यानंतर मांढळ: तिथे डॉ. अजय मित्र शास्त्री आणि सहकाऱ्यांना वाकाटककालीन शैव मूर्ती मिळाल्या, त्याच परिसरात वाकाटकांचे ताम्रपटही सापडले. वाकाटकांचे लेख एकत्र करून १९६३ मध्ये प्रसिद्ध करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हेही नागपूरचेच, इथल्या मॉरिस कॉलेजचे प्राचार्य.

मनसर आणि नगरधनची अलीकडची उत्खनने मात्र इतर संस्थांनी केली आहेत. ती विद्यापीठाच्या खात्यावर टाकली जातात, ते बरोबर नाही.

जमिनीवरच्या, जिवंत कलांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. काम झाले आहे, चांगलेही झाले आहे, पण ते बहुतेक एकेकट्या अभ्यासकाच्या चिकाटीवर झाले आहे. पुरातत्त्वात प्रत्येक खापराला क्रमांक मिळतो, थर लिहिला जातो, छायाचित्र निघते. तीच शिस्त गाणाऱ्या माणसाबाबत अजून आलेली नाही. ती यावी, हीच माझी या विद्यापीठाकडून सर्वांत मोठी अपेक्षा आहे.

झाडीपट्टी, खडी गंमत, दंडार यांत फरक काय? आणि विद्यापीठाने यांत पडायचे कशाला?

नागपूर शहरात राहणाऱ्यालाही हा फरक पुष्कळदा ठाऊक नसतो.

दंडार ही या तिन्हींत जुनी. ती नाचाची कला आहे आणि तिच्यात गाण्याच्या मधूनमधून छोटी सोंगे, संवाद येतात. गोंड समाजात दिवाळीच्या सुमारास दंडारी निघतात, तो तर विधीचाच भाग असतो.

खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेली गंमत. शाहीर, नाच्या, ढोलकीवाला, टाळकरी, साथीदार सगळे उभे असतात आणि रात्र उलटून जाते. गण, गवळण, लावणी, मग सवाल-जवाब, मग एखादा प्रसंग. स्त्रीची भूमिका नाच्या करतो, आणि चांगल्या नाच्याचे नाव पंचक्रोशीत निघते. गमतीत लिहिलेली संहिता फारशी नसते. ती शाहिराच्या डोक्यात असते आणि समोरचा गाव पाहून बदलते.

झाडीपट्टीची रंगभूमी हे यानंतरचे रूप. तिच्यात लेखकाचे नाटक असते, पडदे असतात, स्त्री कलावंत असतात, आणि वडसा म्हणजे देसाईगंज इथे कंपन्यांची कार्यालये असतात. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपासपर्यंत नाटके चालतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. गावचा शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई आणि रात्रीचे नाटक ही जोडी ठरलेली. पटावर बंदी असलेल्या वर्षांत नाटकांच्या तारखांवरही त्याचा परिणाम झाला होता. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीची दखल घेतली. इथल्या माणसांना ती नेहमीच माहीत होती. तिकीट काढून, घोंगडी घेऊन, थंडीत रात्रभर बसणारा प्रेक्षक या रंगभूमीला आजही आहे, आणि अनुदानावाचून चालणारी अशी व्यावसायिक रंगभूमी फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

म्हणूनच विद्यापीठाने कोणाला कशाची गरज आहे ते ओळखून मदत करावी. झाडीपट्टीच्या नाटकाला प्रेक्षक शोधून द्यायची गरज नाही. त्याला हवे आहे संहितांचे जतन, कारण हंगाम संपला की हस्तलिखित नाटके कपाटात जातात आणि वाळवी लागते. खडी गमतीची गरज वेगळी. तिथे कलावंतच थोडे उरले आहेत, म्हणून आज जे गातात त्यांच्याकडून पूर्ण रात्रीची गंमत ध्वनीचित्रित करून ठेवणे हे पहिले काम. दंडारीला सगळ्यांत जास्त हवे आहे ते लहान मुलांनी ती शिकणे.

मारबत, भुलाबाई, तान्हा पोळा हे तर सण. त्यांचा अभ्यास होतो का?

होतो, आणि व्हायलाच हवा. पिवळी आणि काळी मारबत गेल्या शतकाच्याही आधीपासून इतवारीच्या भागातून निघतात. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही हाक, बडग्यांवरची, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्यांवरची, त्या-त्या वर्षीची टीका, काळी मारबत भोसले घराण्यातल्या बांकाबाईची असल्याची लोकांत चालत आलेली समजूत, हे सगळे इतिहास, समाजशास्त्र, मराठी आणि चित्रकला अशा चारही विषयांच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल. बडगे दरवर्षी जाळले जातात. म्हणजे त्यांची छायाचित्रे आणि त्यांवरच्या घोषणा कोणी जपल्या नाहीत तर शहराच्या रागाची ती नोंद त्याच दिवशी संपते. भुलाबाईच्या गाण्यांचे काम तर कोणतीही मुलगी आपल्या आजीपासून सुरू करू शकते, त्यासाठी मार्गदर्शकही लागत नाही.

माझ्याकडे पदवी नाही, पण पस्तीस वर्षे फड चालवला. मला विद्यापीठात शिकवता येईल का?

येईल. वाट अरुंद आहे, पण आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणले. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केलेल्या नामवंत व्यक्तीला पदवीची अट न लावता नेमता येते, आणि त्यात कलेचे क्षेत्रही येते. नेमणूक ठरावीक मुदतीची असते आणि अशी पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसतात. पुढच्याच वर्षी आयोगाने स्थानिक कलावंत व कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांत निवासी कलावंत म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. दोन्हींत निर्णय संस्थेचा असतो. कलावंताने नुसता अर्ज केला आणि नेमणूक झाली, असे होत नाही. एखादा विभाग किंवा महाविद्यालय पुढे यावे लागते.

म्हणून सुरुवात लहान करावी. जवळच्या महाविद्यालयातल्या मराठी किंवा संगीताच्या प्राध्यापकांना भेटा. एका दिवसाची कार्यशाळा घ्या, मुलांकडून एक गण बसवून घ्या. त्याचे पत्र, छायाचित्र आणि बातमी फाइलला लावा. दोन-तीन कार्यशाळांनंतर ही फाइलच तुमच्या वतीने बोलते.

महाविद्यालयांनाही एक विनंती आहे. शाहिराला बोलावले की शाल-श्रीफळ देतात, पाच मिनिटे गाऊन घेतात आणि पुढचा पाहुणा येतो. त्या शाहिराला वर्गात दोन तास द्या, समोर मुले बसवा, फळ्यावर त्याच्या हाताने ताल लिहून घ्या, आणि पाहुण्या व्याख्यात्याला देता तेवढेच मानधन त्यालाही द्या. शालीपेक्षा त्याला हे जास्त आवडेल.

संशोधक येतात, मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि परत दिसत नाहीत. आमचा काही हक्क आहे का?

आहे, आणि तो प्रत्येक कलावंताला पाठ असावा.

परंपरेने आलेले गाणे कोणा एकाच्या मालकीचे नसते. पण ते तुम्ही ज्या प्रकारे सादर करता त्यावर तुमचा, सादरकर्त्याचा, हक्क कॉपीराइट कायद्याने मान्य केला आहे आणि तो पन्नास वर्षे टिकतो. तुमची किंवा तुमच्या वडिलांची स्वतःची रचना असेल तर तिचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. केवळ शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला कायद्यात सूट आहे, त्यामुळे विद्यार्थी आला म्हणून घाबरून दार लावू नका. मात्र तेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणे, विकणे, चित्रपटात वापरणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी तुमची परवानगी लागते.

रेकॉर्डिंगच्या आधी साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या: गाणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव, कोणाकडून शिकले, रेकॉर्डिंग कशासाठी वापरणार, आणि एक प्रत कलावंताला मिळणार. दोघांच्या सह्या करा. कागद मराठीतच असावा. वाचता येत नसेल तर घरातल्या मुलाला वाचायला सांगा.

नाव लिहिण्याचा आग्रह मी इतका का धरतो, त्याला कारण आहे. १८६३ मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नदीत बुडून गेले. त्यांच्या कागदपत्रांत गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचे मोठे गोंडी गीत होते, एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक गायकाच्या, तोंडून उतरवलेले. १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते छापले. ते गीत टिकून राहिले हे फार मोठे काम झाले, हिस्लॉप यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. पण पुस्तकावर हिस्लॉप आणि टेंपल ही नावे राहिली, आणि ज्याच्या कंठात ते सगळे गीत होते तो जगासाठी नुसता ‘परधान’ राहिला. आजही प्रबंधांत ‘एका वृद्ध महिलेने सांगितलेली ओवी’ असे वाचायला मिळते. पवनीच्या कठड्यावर दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्याचे नाव दगडात कोरले गेले. आपल्या प्रबंधात ओवी देणाऱ्या बाईचे नाव यायला काय हरकत आहे? तिने नाव नको म्हटले तर गोष्ट वेगळी.

मी पदवीचा विद्यार्थी आहे. लोककला करून मला गुण किंवा श्रेयांक मिळतात का?

मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात भारतीय ज्ञानप्रणाली, सह-अभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. क्षेत्र प्रकल्पासाठी आपल्या गावची मंडई घ्या. कोणत्या पार्ट्या (कलापथके) आल्या, किती बिदागी ठरली, कोणती वाद्ये होती, शाहीर कोणाचा शिष्य, हे सगळे लिहा. असा एक प्रामाणिक प्रकल्प इंटरनेटवरून उतरवलेल्या शंभर पानांपेक्षा मोलाचा. प्रत्येक महाविद्यालयात कोणते पर्याय उघडले आहेत ते वेगळे असते, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच विचारून घ्या.

युवक महोत्सवात भाग कसा घ्यावा?

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक प्रमुखांकडून नाव जाते, थेट जात नाही. विद्यापीठाच्या महोत्सवातून निवडलेला संघ राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ला आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ महोत्सवांना जातो. लोकनृत्य, लोकवाद्यवृंद, समूहगान, एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नक्कल, रांगोळी, मातीकाम, स्थळचित्रण असे प्रकार असतात.

महोत्सवासाठी दंडार बसवायची आहे. दहा मिनिटांत ती बसते कशी?

पूर्ण बसत नाही, हे आधी मान्य करावे. स्पर्धेत लोकनृत्याला साधारण दहा कलाकार आणि दहा मिनिटे मिळतात. रात्रभराच्या कलेतला एकच तुकडा निवडा आणि तोच नीट करा. सगळे थोडेथोडे घेतले की दंडार दंडार राहत नाही.

नृत्यदिग्दर्शकाच्या आधी दंडारीच्या गावी जा. पायाचा ठेका तिथल्या माणसाकडून शिका. वाद्य ध्वनिफितीवर न लावता त्याच गावचा वादक सोबत न्या, त्याचा प्रवासखर्च आणि बिदागी महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात आधीच घाला. पोशाख भाड्याने आणताना दुकानदार ‘आदिवासी ड्रेस’ म्हणून पिसे आणि पाने लावलेले काहीतरी देतो. ते घेऊ नका. गोंड माणूस तसा राहत नाही आणि समोर बसलेल्या गोंड विद्यार्थ्याला ते पाहून काय वाटेल याचा विचार करा. धोतर, मुंडासे, लुगडे साधेच असते आणि रंगमंचावर सुंदरच दिसते.

लोककलेवर पीएच.डी. करायची आहे. विषय कसा ठरवावा?

‘विदर्भातील लोककला: एक अभ्यास’ असा विषय घेऊ नका. तो कोणाच्याच्याने पुरा होत नाही. एक तालुका, एक प्रकार, एक पिढी घ्या. लाखनी तालुक्यातले खडी गमतीचे शाहीर, किंवा झाडीपट्टीतल्या स्त्री कलावंतांचा हंगाम, किंवा नागपुरातल्या आंबेडकरी जलशांची गाणी. शेवटचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांच्यापासून या शहरात दलित समाजाने कविता, छापखाना आणि गाणे हाती घेतले, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर वस्तीवस्तीत गायनपार्ट्या उभ्या राहिल्या. त्यांच्या वह्या अजून लोकांच्या घरात आहेत. उशीर केला तर त्या रद्दीत जातील.

आधी शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर पाहा, नागपूरचे आणि इतर विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. विदर्भ साहित्य संघ आणि विदर्भ संशोधन मंडळ ही नागपुरातली जुनी ठिकाणे, पहिली १९२३ मधली आणि दुसरी १९३४ मधली. तिथले अंक चाळल्यावाचून विषय नक्की करू नका.

प्रबंध किंवा प्रकल्प झाडीबोलीत, वऱ्हाडीत लिहिता येतो का?

विवेचन प्रमाण मराठीत लिहावे लागते, पण लोकांकडून घेतलेले साहित्य बोलीतच ठेवावे. ‘सुधारून’ लिहिले की पुरावाच नष्ट होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचे शब्द आणि लोककला यांसाठी जे केले ते पाहावे. शब्द जसा ऐकला तसा, गावासकट, लिहिण्याची त्यांची रीत घेण्यासारखी आहे. गोंडी गीत असेल तर गोंडी जाणणारा सहकारी पहिल्या दिवसापासून घ्या आणि त्याचे नावही घाला.

शेतात मूर्ती किंवा ताम्रपट सापडला. विद्यापीठाला कळवावे का?

आधी सरकारला कळवावे लागते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी देणे बंधनकारक आहे. जवळच्या तहसीलदारांकडे किंवा पोलीस ठाण्यात गेलात तरी ती पुढे जाते. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, लेख हे पुरावशेष ठरतात, ते देशाबाहेर नेता येत नाहीत आणि परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही.

सोबत विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागालाही जरूर सांगा, कारण लेख वाचणारी आणि मूर्तीचा काळ सांगणारी माणसे तिथे आहेत. दरम्यान खोदकाम थांबवा. वस्तू घासू नका, शेंदूर लावू नका, ताम्रपटाला चिंच-लिंबू तर मुळीच लावू नका. जागेचे छायाचित्र घ्या. वस्तू कुठल्या खोलीवर, कशाच्या शेजारी होती यावरच अर्धा इतिहास कळतो. गावाला भीती असते की सरकार सगळे शेत घेईल. एक मूर्ती सापडली म्हणून तसे होत नाही. स्मारक संरक्षित म्हणून जाहीर झाले तरच त्याच्या भोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रण येते.

घरात जुन्या पोथ्या आहेत. विद्यापीठाला द्याव्यात का?

देण्याची घाई नको. आधी त्यांची यादी आणि डिजिटल प्रत होऊ द्या, मूळ पोथी घरातच राहू शकते. विद्यापीठाचे ग्रंथालय, रामटेकचे संस्कृत विश्वविद्यालय आणि केंद्र सरकारचे २०२५ मध्ये जाहीर झालेले ‘ज्ञान भारतम्’ अभियान या कामाशी जोडलेले आहेत. महानुभावांच्या सकळा या सांकेतिक लिपीतली पोथी असेल तर ती वाचणारा माणूसच गाठावा लागतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा.

कलावंताला पैशाची थेट मदत विद्यापीठाकडून मिळते का?

थेट मानधन हे विद्यापीठाचे काम नाही, पण शिफारस आणि पुरावा ते देऊ शकते. मदत इतर दारांतून येते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. साधारणपणे पन्नाशी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या कलावंताला २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांसाठी केंद्राची युवा कलावंत शिष्यवृत्ती आहे, तीही दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षांसाठी. पंचविशीनंतर कनिष्ठ आणि चाळिशीनंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती असते, अनुक्रमे दरमहा १०,००० आणि २०,००० रुपयांची.

नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावे असे ठिकाण म्हणजे सिव्हिल लाइन्समधले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. १९८६ पासून ते इथे आहे. लोप पावणाऱ्या कलांसाठी त्यांची गुरु-शिष्य परंपरा योजना आहे. गुरूला, साथीदाराला आणि शिष्यांना दरमहा ठरावीक रक्कम मिळते. खडी गमतीसाठी याहून योग्य योजना मला दुसरी दिसत नाही, कारण तिच्यात शिष्यालाही चार पैसे मिळतात. शेतमजुरी सोडून ढोलकी शिकायला बसणाऱ्या पोराला ते लागतातच. रकमा आणि अटी बदलतात, अर्ज भरण्याआधी ताजी जाहिरात पाहा.

सगळ्या अर्जांना पुरावा लागतो आणि नेमका तोच जुन्या कलावंतांकडे नसतो. मंडईचे हँडबिल, कार्यक्रमाची पत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला, वर्तमानपत्राचे कात्रण असे जे मिळेल ते आजपासून एका पिशवीत ठेवायला लागा.

आमच्या गावची कला विद्यापीठापर्यंत पोहोचवायची आहे. पत्र कोणाला आणि काय लिहावे?

कुलगुरूंना लिहिले तर पत्र शेवटी विभागाकडेच येते, म्हणून थेट विभागप्रमुखांना लिहा. गाणे-नाटक असेल तर मराठी किंवा ललित कला विभाग, जुनी वास्तू किंवा दगड असेल तर पुरातत्त्व, विद्यार्थ्यांचा कार्यक्रम हवा असेल तर विद्यार्थी विकास विभाग. प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना द्या. गावाशी रोजचा संबंध त्यांचाच असतो आणि प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा तिथूनच हलते.

पत्र एका पानाचे पुरे. ‘आमची कला लोप पावत आहे, मदत करावी’ एवढेच लिहिले तर काय करायचे ते समोरच्याला कळत नाही. कला कोणती, आज ती किती जण करतात, सर्वांत ज्येष्ठ कलावंताचे नाव आणि वय काय, कार्यक्रम वर्षात केव्हा होतो आणि विद्यापीठाकडून नेमके काय हवे, ते लिहा. मागणी एकच ठेवा. ‘येत्या मंडईत रात्रभराची गंमत ध्वनीचित्रित करण्यासाठी दोन विद्यार्थी पाठवावेत, राहण्याजेवणाची सोय गाव करील’ अशा पत्राला होकार मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. पत्र पोळ्याच्या सुमारास पाठवा. मंडया दिवाळीनंतर भरतात, आणि विभागाला सत्र परीक्षा सांभाळून मुले पाठवायला तेवढा अवधी लागतो. पोचपावती घ्या, पंधरा दिवसांनी फोन करा, आणि मुले आली की त्यांची गाठ आधी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या शाहिराशी घालून द्या.